घरावर सोलर: कोटेशन मागवण्याआधी वर्षभराची वीजबिलं काढा

गच्चीवरून (नाशिक)

सोलर किती वर्षांत फिटतं, हा प्रश्न हल्ली लग्नकार्यात भेटलेले पाहुणेसुद्धा विचारतात. कोणी चार वर्षं सांगतं, कोणी आठ. दोन्ही उत्तरं खरी असू शकतात, कारण ती वर्षं तुमच्या बिलातल्या स्लॅबवर, म्हणजे वापराच्या टप्प्यावर ठरतात. पॅनेल कोणत्या कंपनीचं, हा प्रश्न त्यानंतर येतो. व्हेंडर मात्र सुरुवातच पॅनेलपासून करतो, म्हणून हा धागा काढतोय.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं स्वस्त असतात. २०२४-२५ च्या दरांनी वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून ती सहा रुपयांच्या जरा आत पडायची. १०१ ते ३०० ला साडेअकराच्या आसपास, ३०१ ते ५०० ला साडेपंधराच्या वर. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. २०२५ मध्ये आकडे थोडे हलले, पण ही चढण तशीच आहे. आता महत्त्वाचं असं की सोलरची वीज तुमच्या बिलातली सर्वात महाग युनिटं आधी खाते. त्यामुळे छपरावर तयार झालेल्या एकाच युनिटची किंमत एका घरात सोळा-अठरा रुपये असते, दुसऱ्या घरात सात.

दोन घरं घेऊ. पहिल्याचा वापर महिन्याला ३००. बिल साडेतीन हजारांच्या आसपास. त्यांनी ३ किलोवॅट बसवलं. आपल्याकडे १ किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या जवळ देतं, म्हणजे ३ किलोवॅट महिन्याला साधारण ३४०-३५०. बिल उरलं फक्त स्थिर आकाराचं, दीडशेच्या आसपास. वर्षाला ४० हजार वाचले. खर्च दोन लाख धरला आणि केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेचं ७८ हजार अनुदान वजा केलं तर खिशातून गेले १ लाख २२ हजार. तीन वर्षं आणि थोडे महिने.

दुसऱ्या घराचा वापर १००. तेच ३ किलोवॅट त्यांनीही बसवलं, कारण 'पूर्ण अनुदान ३ किलोवॅटलाच मिळतं' असं कोणीतरी सांगितलं. बिलात वाचणार वर्षाला आठ हजारांच्या आसपास. बाकीची वीज वर्षाअखेर कंपनी विकत घेते, पण दर तुटपुंजा. युनिटला तीन रुपये धरले तरी सगळं मिळून वर्षाला सोळा-सतरा हजार. म्हणजे सात वर्षांच्या वर. याच घराने १ किलोवॅट बसवलं असतं तर खर्च साठ-सत्तर हजार, अनुदान ३० हजार, आणि पाच वर्षांच्या आत मोकळे.

तेव्हा आधी बारा महिन्यांची बिलं काढा, प्रत्येक महिन्याची युनिटं कागदावर लिहा, मग फोन उचला. ज्यांच्याकडे बसवून वर्ष होऊन गेलंय त्यांनी आपापल्या गावचे अनुभव लिहावेत. ऊन, पाऊस, छप्पर सगळीकडे वेगळं आहे.

---

माडाखाली (रत्नागिरी)

हिशोब पटला, पण कोकणासाठी थोडी भर घालते. सरासरी ४ युनिटं ही वर्षाची सरासरी झाली. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सलग काळोखी असते तेव्हा उत्पादन निम्म्याच्याही खाली येतं. मार्च ते मे चांगले जातात. वर्षाचा हिशोब बसतो, पण व्हेंडरने एप्रिलचा आकडा दाखवून बारा महिन्यांनी गुणलं तर मान्य करू नका.

खारा वारा हा दुसरा भाग. पॅनेल टिकतात, गंजतं ते त्यांच्याखालचं स्ट्रक्चर. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) लोखंडच घ्या आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा. नुसता चांदीचा रंग मारलेले पाइप दोन पावसाळ्यांत सुटायला लागतात. कोटेशनमध्ये 'जीआय स्ट्रक्चर' एवढंच लिहिलेलं असतं, त्यावर समाधान मानू नका. गॅल्व्हनाइजिंग किती मायक्रॉनचं ते लिहून घ्या, ८० हा आकडा विचारा.

आणि वारा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि पुढच्या वर्षीचं तौक्ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. पॅनेल म्हणजे सपाट शीड आहे, वारा खालून शिरतो. पाय स्लॅबमध्ये कसे बांधणार, हे काम सुरू होण्याआधी विचारा.

---

गच्चीवरून

ताई, फार उपयोगी माहिती. कौलारू घरांचं काय करतात तुमच्याकडे?

---

माडाखाली

कौलांवर थेट बसवायला मी तरी कोणाला सांगणार नाही. कौलं फुटतात, गळती लागते, वासे जुने असतात. बरेच जण मागच्या स्लॅबच्या पडवीवर बसवतात, नाहीतर अंगणात उंच स्ट्रक्चर उभारतात. उंच स्ट्रक्चरचे पैसे जादा लागतात, पण खाली गाडी उभी राहते, वाळवणं होतात. फक्त माडांची सावली बघा. सकाळी एक झावळी एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्या पॅनेलची वीज उतरते, कारण ती एकामागे एक जोडलेली असतात. सावली टळतच नसेल तर मायक्रो इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेलला वेगळं चालू देणारी यंत्रं) घ्या, महाग पडले तरी.

---

संत्रानगरी (नागपूर)

विदर्भातले लोक समजतात की आपल्याकडे ऊन जास्त म्हणजे वीज जास्त. तसं होत नाही. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची ताकद २५ अंशांवर मोजलेली असते. त्यावर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट. मे महिन्यात दुपारी पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांच्या पुढे जातो, म्हणजे बारा-पंधरा टक्के तिथेच गेले. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च हे महिने मेच्या तोडीस तोड येतात, ते यामुळेच.

उपाय सोपा. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या. टॉपकॉन या नव्या प्रकारच्या पॅनेलमध्ये ही घट थोडी कमी असते, दरात फार फरक नसेल तर तेच घ्या.

पण कूलर-एसीचा वापरही याच महिन्यांत, त्यामुळे उन्हाळ्यात आमचं बिल ५०० युनिटांच्या वर जायचं. धागाकर्त्याच्या हिशोबाने बघितलं तर आमच्यासारख्यांना सोलर सर्वात लवकर फिटतं, आणि तसंच झालं.

---

मार्चएंड (पुणे)

सगळे विसरतात ते मी सांगतो: ३१ मार्च.

नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे लाइनवर दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते त्या पद्धतीत, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात हे बरोबर. पण राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार आर्थिक वर्ष संपताना खातं मिटवलं जातं. उरलेली युनिटं त्या ठरीव दराने पैशांत वळतात आणि १ एप्रिलपासून पाटी कोरी.

आता ऋतू बघा. नोव्हेंबर ते मार्च आकाश स्वच्छ, उत्पादन छान, घरात पंखासुद्धा कमी चालतो. म्हणजे युनिटं साठतात. आणि एसी सुरू व्हायच्या तोंडावर तो साठा तीन-एक रुपयांनी निघून जातो. एप्रिल-मेमध्ये तीच युनिटं साडेअकराची किंवा सोळाची ठरली असती. उलट एप्रिल-मेमध्ये उरलेलं पावसाळ्यात कामी येतं, ते वाया जात नाही.

म्हणून वर्षाच्या एकूण वापराला भागून क्षमता काढण्यापेक्षा थोडी कमीच घ्यावी. वर्षाचा वापर ३६०० युनिटं असेल तर ३ किलोवॅटऐवजी अडीचही पुरतं. खालच्या स्लॅबची थोडी युनिटं विकत घेणं परवडतं, हिवाळ्यातली फुकटात देणं परवडत नाही.

---

गच्चीवरून

हे फार महत्त्वाचं आहे. फक्त २ ते ३ किलोवॅटमध्ये अनुदानाचाही विचार करावा लागतो. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणून ७८ हजार. तिसऱ्यानंतर काहीच नाही, १० किलोवॅट बसवलं तरी ७८ हजारच. पुढे एसी किंवा विजेवरची स्कूटर घ्यायची असेल तर मी ३ घेईन. नसेल तर तुमचं म्हणणं योग्य.

---

वाळवाकाठ (सांगली)

आमच्या गावात बहुतेक घरांचा वापर साठ-सत्तर युनिटं. टीव्ही, फ्रिज, दोन पंखे. या लोकांनी काय करावं यावर कोणी बोलत नाही. दर आठवड्याला एक नवा माणूस येतो आणि 'शून्य बिल' सांगून ३ किलोवॅटचा फॉर्म भरून घेतो.

---

गच्चीवरून

दादा, त्यांनी १ किलोवॅटच्या वर जाऊ नये असं मी ठामपणे म्हणेन. केंद्राचे ३० हजार आहेतच, शिवाय १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना मंजूर केली आहे. तिच्यात १ किलोवॅटला वरून आणखी अनुदान आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना ते सर्वात जास्त. त्या घरांचा स्वतःचा वाटा फार थोडा उरतो. ३ किलोवॅटसाठी कर्ज काढलं तर हप्ता आजच्या बिलापेक्षा मोठा होईल, आणि तो अन्याय आहे.

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, तिथे घरांसोबत गावचे सार्वजनिक दिवे, पाणीपुरवठा हेसुद्धा सोलरवर आहेत. ग्रामपंचायतीने पुढाकार घेतला तर एकत्रित भाव करता येतो. तुमच्या गावात वीस-पंचवीस घरं तयार असतील तर एकेकट्याने फॉर्म देऊ नका.

---

मांडवी (पणजी)

गोव्यातून लिहितो. इथे पहिला स्लॅब दोन रुपयांच्या आसपास आहे, वरचे स्लॅबही महाराष्ट्राच्या मानाने बरेच खाली. म्हणून माझ्या रत्नागिरीच्या मेव्हण्याचं सोलर जितक्या वर्षांत फिटलं तितक्यात माझं फिटणं शक्य नाही, पॅनेल आणि ऊन दोन्ही तेच असूनही. वर स्लॅबबद्दल जे लिहिलंय त्याचा हा पुरावाच समजा. मोठा वापर असलेल्यांनीच इथे घाई करावी.

---

ठेवपावती (ठाणे)

हिशोबात दोन गोष्टी राहिल्या आहेत.

एक, गुंतलेल्या पैशावरचं व्याज. १ लाख २२ हजार सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेआठ हजार येतात. पहिल्या घराला चाळीस हजार वाचतात, त्यामुळे फरक पडत नाही. दुसऱ्या घराचे सोळा हजार मात्र निम्मे होतात. अर्थात ठेवीच्या व्याजावर कर लागतो आणि वाचलेल्या बिलावर लागत नाही, हेही धरा.

दोन, इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र. पॅनेलला २५ वर्षांची कामगिरीची हमी असते, इन्व्हर्टरला बहुधा पाच ते दहा. मधे एकदा तो बदलावा लागेल असं धरून तीस हजार बाजूला ठेवा. पॅनेलचं उत्पादनही दरवर्षी थोडं उतरतं. २५ वर्षांचं गुणाकार करून 'दहा लाखांची बचत' दाखवणारे तक्ते हे दोन्ही सोडून देतात.

---

नव्यानेआले

कर्ज काढून घेतलं तर चालेल का? एकरकमी दोन लाख नाहीत.

---

ठेवपावती (ठाणे)

३ किलोवॅटपर्यंत दोन लाखांचं कर्ज सरकारी बँका तारणाशिवाय देतात, व्याज रेपो दरापेक्षा अर्धा टक्का वर. वैयक्तिक कर्जाच्या मानाने पुष्कळ स्वस्त. अनुदान खात्यात आलं की ते लगेच कर्जात भरा. उरलेल्या सव्वा लाखाचा पाच वर्षांचा हप्ता साधारण अडीच हजारांच्या आत येतो. तुमचं बिल तीन हजारांच्या वर असेल तर बिलाच्या पैशातच हप्ता निघतो. बिल बाराशे असेल तर क्षमता कमी करा. आणि लक्षात ठेवा, अनुदान काम पूर्ण होऊन नेट मीटर लागल्यावर येतं. तोवरची सोय आपलीच.

---

नव्यानेआले

बिल साधारण २,८०० येतं. पण मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली.

---

मार्चएंड (पुणे)

मग आधी नाव बदलून घ्या. सोलरचा अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि अनुदान ज्या नावाचं बिल त्याच्या खात्यात जातं. निम्मी प्रकरणं इथेच अडकतात. मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीपत्र, घरपट्टीची पावती जमवा. भावाबहिणींच्या सह्या सोलर बसवायच्या आधी सहज मिळतात, नंतर 'गच्ची कोणाची' यावर बोलणी सुरू होतात. मंजूर भार किती आहे तेही बिलावर बघा. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची वेगळी पायरी राहिलेली नाही, हा मोठा दिलासा आहे.

---

पिठाचीगिरणी (जालना)

एक गैरसमज दूर करा कृपया. वीज गेली की साधं ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलरही बंद होतं, भर दुपारीसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ही सोय मुद्दाम केलेली असते आणि ती असलीच पाहिजे. आमच्या भागात भारनियमन होतं, त्यामुळे लोक फसवलं गेल्यासारखे हळहळतात. वीज गेल्यावरही हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो खर्च वेगळा, आणि बॅटरीला अनुदान नाही. घरात आजारी माणूस असेल, ऑक्सिजनचं यंत्र असेल तर जरूर करा. नुसत्या पंख्यासाठी घरातला जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर पुरतो.

खेड्यात आणखी एक त्रास होतो. दुपारी लाइनचं व्होल्टेज फार चढलं की सोलरचा इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःला तोडून घेतो. ॲपमध्ये दुपारच्या वेळी आलेख खाली पडलेला दिसला तर हेच समजा. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल जाड घ्या, आणि तरीही होत असेल तर लेखी तक्रार देऊन रोहित्रावरचं व्होल्टेज तपासून घ्या.

---

संत्रानगरी (नागपूर)

+१. अर्थिंगवर पण लिहा कोणीतरी. तीन वेगळे खड्डे हवेत: पॅनेलच्या बाजूचा, घराच्या बाजूचा आणि आकाशातली वीज पडली तर जमिनीत उतरावी म्हणून लावतात त्या अरेस्टरचा. दोनांत भागवतात ते चूक आहे.

---

गच्चीवरून

बरोबर. कोटेशनमध्ये मी स्वतः काय वाचतो ते सांगतो. पॅनेल डीसीआर आहेत का, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेले आहेत का. नसतील तर अनुदान मिळत नाही. ती जरा महाग असतात. पाच-सहा हजार रुपये कमी सांगणारा कोटेशनात काय वगळतोय ते शोधा, बहुतेक वेळा स्ट्रक्चर किंवा केबल असते. सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, जुनं कोटेशन कोणी पुढे करत असेल तर तेही बघा. व्हेंडर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला हवा आणि पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर बंधनकारक आहे. पैसे टप्प्यांनी द्या, शेवटचा टप्पा नेट मीटर लागल्यावर. अर्जासाठी कोणी 'नोंदणी शुल्क' फोनवर मागत असेल तर फोन ठेवा.

धुण्याबद्दल बरेच जण विचारतात. नाशिकला मी पंधरवड्याने धुतो, पावसाळ्यात नाही. सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग राहतात आणि ते निघत नाहीत.

---

सहावा मजला (पुणे)

आम्ही फ्लॅटवाले. गच्ची सगळ्यांची, त्यामुळे स्वतःसाठी बसवता येत नाही. सोसायटीने बसवून फायदा होतो का? लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून महिन्याला दोन हजार युनिटं जातात.

---

मार्चएंड (पुणे)

या धाग्यावरचं सर्वात लवकर फिटणारं प्रकरण तुमचंच असेल. सोसायटीच्या सामाईक मीटरला घरगुती दरच लागतो, आणि स्लॅबही तेच. म्हणजे तुमची दोन हजारांतली दीड हजार युनिटं सर्वात वरच्या स्लॅबला चालली आहेत. सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे. बारा-तेरा किलोवॅट बसवलं तरी फक्त वरच्या स्लॅबची युनिटं कापली जातील, तेवढंच करा. जागा किलोवॅटला ७० ते १०० चौरस फूट धरा. पाण्याच्या टाकीची सावली सोडून.

महापालिकेच्या मिळकतकरात सोलर, गांडूळखत, पर्जन्यजलसंचय यांपैकी एक असेल तर ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट आहे. ती प्रत्येक सदस्याला घरटी मिळते. सभेत हा मुद्दा आधी मांडा.

---

सहावा मजला (पुणे)

सभेतच अडलंय. शेवटच्या मजल्यावरचे दोघे म्हणतात स्लॅबला भोकं पाडली तर आमच्या घरात गळणार. त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही, एका घरात आधीच ओल आहे.

---

माडाखाली (रत्नागिरी)

त्यांची काळजी आधी मिटवा. पावसाळ्यापूर्वी वॉटरप्रूफिंग करून घ्या आणि तो खर्च सोलरच्या अंदाजपत्रकातच धरा. पंचवीस वर्षं पॅनेल तिथे राहणार, खालचा स्लॅब नंतर उघडता येत नाही. स्ट्रक्चर भोकं न पाडता सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभं राहतं, मात्र ठोकळ्यांचं वजन आणि वारा यांचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. तो कागद सभेत वाचून दाखवा.

---

सहावा मजला (पुणे)

धन्यवाद ताई. इंजिनिअर शनिवारी येतोय. बारा महिन्यांची सामाईक बिलं आज काढली, मेमध्ये २,६०० युनिटं निघाली. कोटेशन आली की इथेच टाकतो, आकडे तपासून द्या.